चिखलातून गाडी काढायचा पट्टा घेताना
पावसाळ्यात इंदूरहून चोरल-जानापावकडे जीप काढणार असाल, तर पट्ट्याचा रंग सोडा, शिवलेलं लेबल वाचा. त्यावरची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या 2 ते 3 पट हवी, 2.5 टनांच्या गाडीला 5 ते 7.5 टन. त्याहून फार दणकट घेतला तर तो ताणलाच जात नाही, मग उपयोग काय? माळव्याच्या काळ्या मातीत चाक रुतलं की झटका पचवणारा नायलॉनचाच पट्टा लागतो. पॉलिस्टरचा पट्टा बंद पडलेली गाडी हळूहळू ओढून न्यायला ठीक. बिनलेबलाचा इंदूरच्या सियागंज बाजारात कितीही स्वस्त मिळो, नकोच. लोखंडी हूकवाला तर मुळीच नको, सुटला तर गोळीसारखा येतो. पट्टा चासीच्या रिकव्हरी पॉइंटलाच, म्हणजे गाडी ओढायला दिलेल्या मजबूत कड्यालाच अडकवा, टो-बॉलला, म्हणजे मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, कधीच नाही. शिवण उसवलेली दिसली की पट्टा बाद.