गॅल्व्हानोमीटरचा एक भाग म्हणजे नेमका किती करंट?

प्रयोगवहीत ‘विक्षेप १२’ (म्हणजे काटा १२ भाग सरकला) एवढंच लिहून मुलं पुढे गेली की मी वही परत देते. १२ भाग म्हणजे किती मायक्रोअँपिअर? हातातल्या गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे बारीक करंट दाखवणाऱ्या मीटरचा, एक भाग किती करंटचा, हे काढल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि शेजारच्या टेबलावरच्या मीटरचं उत्तर उसनं घेऊन चालत नाही, कारण प्रत्येक मीटरची कुंडली (तारेची कॉइल) आणि स्प्रिंग थोडी वेगळी असते.

जोडणीआधी तारांची टोकं पॉलिश पेपरने लखलखीत घासा. तारेवरचा इनॅमलचा थर दिसत नाही, पण करंट अडवतो. काटा मधल्या शून्यावर नसेल तर वरच्या स्क्रूने आणा. मग २ व्होल्टचा सेल, कळ, रेझिस्टन्स बॉक्स (रोध, म्हणजे रेझिस्टन्स, कमी-जास्त करायची पेटी) आणि गॅल्व्हानोमीटर एका माळेत जोडा.

आता सर्वात महत्त्वाचं. कळ दाबण्याआधी बॉक्समधला ५००० ओहमचा प्लग काढून ठेवा. प्लग काढला की रोध जोडला जातो, बसवला की निघून जातो. इथे दरवर्षी कुणीतरी उलटं करतंच. हिशोब करून बघा: मीटरचा रोध १०० ओहम असेल आणि बॉक्समध्ये काहीच नसेल, तर २० मिलिअँपिअर करंट वाहील. काटा ३० भागांवर पोचायला मात्र ०.६ मिलिअँपिअर पुरतो. म्हणजे तेहतीस पट जास्त! काटा वाकतो, कधी कुंडली जळते. म्हणून मोठ्या रोधापासून सुरुवात करून हळूहळू खाली या. जे प्लग जागेवर राहतील ते पिळून घट्ट बसवा. सैल प्लग स्वतःचा रोध घुसडतो.

काटा २० भागांवर आणा. सम संख्या घ्या, पुढे निम्मं करायचंय. समजा तेव्हा बॉक्समध्ये R = ४९०० ओहम आहे. आता दुसरा, लहान बॉक्स शंट म्हणून गॅल्व्हानोमीटरला समांतर जोडा आणि R ला हात न लावता त्याचा रोध S असा बदला की काटा बरोबर १० वर येईल. S = ९८ आला, तर मीटरचा रोध G = RS/(R−S), म्हणजे १०० ओहम. R खूप मोठा असल्याने शंट लावल्यावर एकूण करंट जवळजवळ तेवढाच राहतो आणि तो दोन वाटांत जवळजवळ सारखा वाटला जातो. G मल्टिमीटरने मोजायचा मोह टाळा. त्याच्या ओहम रेंजचा करंट नाजूक मीटरला जड जाऊ शकतो.

शंट काढलात की उरलेलं सोपं: करंट = २ ÷ (४९०० + १००) = ४०० मायक्रोअँपिअर, भाग २०, म्हणजे एका भागाला २० मायक्रोअँपिअर. R बदलून आणखी चार-पाच वाचनं घ्या आणि सरासरी काढा. वाचताना डोळा काट्याच्या बरोबर वर हवा.

आता खरी गंमत. तांबं आणि कॉन्स्टंटन (तांबं-निकेलचा मिश्रधातू) यांच्या तारांची दोन टोकं पिळून थर्मोकपल, म्हणजे दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी जोडी, करा, एक सांधा बर्फात, दुसरा उकळत्या पाण्यात. साधारण ४ मिलिव्होल्ट मिळतात. इथे सेल आणि रेझिस्टन्स बॉक्स दोन्ही काढून टाका आणि थर्मोकपल थेट गॅल्व्हानोमीटरला जोडा; बॉक्स राहिला तर काटा हलणारच नाही. तारांचा रोध नगण्य असेल तर ४० मायक्रोअँपिअर, म्हणजे काटा जेमतेम २ भाग सरकेल. तेवढ्या विक्षेपात अर्ध्या भागाची चूक म्हणजे २५ टक्के चूक, म्हणून वहीत ‘२ ± ०.५ भाग’ असंच लिहा. सांधे अदलाबदल केले की काटा दुसऱ्या बाजूला जायला हवा. तो तसा गेला, तरच आधीचा विक्षेप थर्मोकपलचा होता असं धरा.