मागच्या ड्रम ब्रेकचे पार्ट घेताना

कुर्ल्याला सीएसटी रोडवर आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि काउंटर मी सांभाळते. पावसाळा तोंडावर आला की रोज कुणीतरी येऊन म्हणतं, "ताई, मागचे लायनर द्या." लायनर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारा थर. तेवढ्यावर मी डबा काढत नाही. गाडी कुठल्या सालची, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का आणि ड्रम उघडून बघितलाय का, हे आधी विचारते. ब्रेकचा पार्ट अंदाजाने विकू नये आणि अंदाजाने घेऊही नये, असं माझं ठाम मत आहे.

गाडीचं नाव सांगून भागत नाही. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांकडे जाणारा दाब एक व्हॉल्व्ह कमी करायचा. एबीएसवाल्या गाडीत ते काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. त्यामुळे नाव एकच असलं तरी दोन गाड्यांचे व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारे चाकातले छोटे सिलिंडर) वेगळे असू शकतात. आरसीवरचा 17 अक्षरी चासी नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानदार त्यावरून पार्ट नंबर काढू शकतो.

दुसरं म्हणजे, ड्रम आधी उघडा आणि मग खरेदीला या. जुने शू (ज्यावर लायनर बसवलेलं असतं ते अर्धगोल पत्रे), सिलिंडर, स्प्रिंग पिशवीत घालून आणा. नवा शू जुन्यावर ठेवून बघायचा: लांबी, रुंदी, मधल्या पत्र्यातली भोकं, हँडब्रेकच्या लिव्हरची जागा. काही कंपन्यांच्या शूबरोबर ती लिव्हर येत नाही, जुन्या शूवरून काढून बसवावी लागते. ते घरी गेल्यावर कळलं तर पुन्हा फेरी. एका बाजूचे दोन शूसुद्धा नेहमी सारखे नसतात, म्हणून पुढचा कुठला आणि मागचा कुठला याचा फोटो उघडतानाच काढा. लायनर मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले तर ब्रेक दोन्हीकडे सारखा लागत नाही.

लायनरच्या कडेवर कधी कधी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, उदाहरणार्थ एफएफ किंवा ईएफ. पहिलं अक्षर लायनर कमी तापलेलं असतानाच्या पकडीचं, दुसरं जास्त तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45. गाडीला मुळात जे होतं तेच घ्या. मागे जास्त पकडीचं लायनर घालण्यात शहाणपण नाही. डब्यावर नॉन-अॅस्बेस्टॉस लिहिलेलं बघा, आणि जुना ड्रम उघडताना गॅरेजवाल्याला हवेचा पाइप मारू देऊ नका. ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगा.

आता व्हील सिलिंडर. माझ्या मते खरी पारख इथेच लागते, आणि लोक नेमकं इथेच पैसे वाचवतात. सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उचला. आत जेमतेम ओलसरपणा असेल तर एक वेळ ठीक, पण ब्रेक ऑइलचा थेंब जमला असेल तर सिलिंडर गेला म्हणून समजा. तेच ऑइल लायनरवर उतरलं असेल तर ते लायनरही टाकायचं. पेट्रोलने धुऊन, घासून पुन्हा बसवतात, पण लायनर ऑइल आत ओढून घेतं आणि तापलं की बाहेर सोडतं. काही जण फक्त रबराचं किट मागतात. किट स्वस्त पडतं हे खरं, पण मुंबईच्या दमट खारट हवेत, मिलन सबवेसारख्या ठिकाणच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत, सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडलेले असतात. बोटाने चाचपलं तर नखाला अडतात. त्या खड्ड्यांवर नवं रबर फार काळ टिकत नाही. अख्खा सिलिंडरच घ्या.

तो घेताना बोअर, म्हणजे आतला व्यास, बघा. माप मिलिमीटरमध्ये किंवा इंचात असतं आणि बऱ्याचदा सिलिंडरच्या अंगावरच असतं. 17.46 आणि 19.05 मिलिमीटरचे दोन सिलिंडर बाहेरून जवळपास सारखे दिसतात, बोल्टही कधी कधी बसतात. पण 17.46 च्या जागी 19.05 चा घातला तर आतलं क्षेत्रफळ सुमारे 19 टक्क्यांनी वाढतं, म्हणजे पाय तेवढाच दाबला तरी शूवरचा जोर तेवढ्याने वाढतो. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. "मोठा सिलिंडर टाक, ब्रेक कडक लागेल" असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

ड्रमवर कमाल व्यास ओतलेला किंवा कोरलेला असतो. कोऱ्या ड्रमपेक्षा तो साधारण एक-दोन मिलिमीटरच जास्त असतो. कडेला उठलेली धार लेथवर काढून घेता येते, पण टर्निंगनंतर माप त्या आकड्यापलीकडे जात असेल तर नवा ड्रम घ्या. काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं, तेव्हा ते धरून भाव विचारा. जुना ड्रम निघत नसेल तर हातोडे मारू नका. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात बोल्ट थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम आपसूक बाहेर येतो.

स्प्रिंगचा सेट शूबरोबर नवाच घ्या. किंमत फार नसते, आणि थकलेली स्प्रिंग शू मागे ओढत नाही, मग ड्रम तापत राहतो. सेल्फ अॅडजस्टर (लायनर झिजलं की शू आपोआप ड्रमजवळ आणणारा पार्ट) डावा आणि उजवा वेगळा असतो. उलटसुलट बसला तर शू जवळ आणायच्या ऐवजी सैल सोडतो. म्हणून पिशव्यांवर पेनाने डावा-उजवा लिहून घ्या. मी स्वतः लिहून देते.

भंगारातून निघालेल्या गाडीचा ड्रम माप घेऊन घेतला तर चालेल. जुने लायनर आणि जुना सिलिंडर कितीही चांगले दिसले तरी घेऊ नका.

शेवटी ब्रेक ऑइल. त्याच्या टाकीच्या झाकणावर डॉट 3 लिहिलंय की डॉट 4 ते वाचा आणि सीलबंद छोटा डबा घ्या. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे गॅरेजच्या फळीवर उघडा राहिलेला डबा पावसाळ्यात तर मुळीच वापरू नये. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून झाल्यावर पॅडल घट्ट लागतंय ना आणि हँडब्रेक दोन्ही चाकं सारखी धरतोय ना, हे गॅरेजच्या दारातच तपासा. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळा. आणि मुसळधार पावसात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये टाकून, चाकाला दगड लावून हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर नवे शूसुद्धा गंजून ड्रमला चिकटतात.