घरचा माणूस गेल्यावर सरकारी मदत मागताना या चुका टाळा

रक्षाविसर्जन होतं, पाहुणे परततात आणि दिवसकार्य उरकेपर्यंत कागदांना कुणी हात लावत नाही. दुःखात ते साहजिकच आहे. पण योजनांच्या मुदती सुतक पाळत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यात अडलेली प्रकरणं पाहिली की माणूस पात्र नव्हता, असं फार कमी वेळा दिसतं. मुदत हुकलेली असते, नाहीतर दोन कागदांवर दोन नावं असतात.

मृत्यूचा दाखला भलत्याच कार्यालयात शोधणं

गगनबावड्याचा माणूस कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात वारला तर घरचे दाखल्यासाठी गावच्या ग्रामपंचायतीत खेपा घालतात. मृत्यूची नोंद राहत्या गावी होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. सीपीआरमधला मृत्यू कोल्हापूर महापालिकेकडे, शिरोळचा पेशंट मिरजेच्या दवाखान्यात गेला तर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे आणि चंदगडचा बेळगावात गेला तर दाखला थेट कर्नाटकातून आणायचा. नोंदीची मुदत २१ दिवस. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं, वर्षाच्या आत परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

खरी गोम नावात असते. दवाखान्यात फॉर्म भरताना पुढे असतो एखादा चुलतभाऊ किंवा शेजारी. तो सांगतो ‘बाळू’, कारण सगळी गल्ली त्याला बाळूच म्हणते. आधारवर ‘बाळासाहेब’, सातबाऱ्यावर ‘बाळासो’, बँकेत ‘बाळकृष्ण’. त्यात बायकोचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, म्हणजे गुंता दुप्पट. म्हणून फॉर्म भरताना आधार कार्ड समोर धरा, अक्षर न् अक्षर जुळवा आणि दाखला हातात पडला की खिडकीवरच वाचा. चूक दिसली तर आधी दाखलाच दुरुस्त करून घ्या. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ या प्रतिज्ञापत्रावर काही ठिकाणी निभावतं, पण पुढच्या टेबलावर ते चालेलच असं नाही. प्रती एकदम आठ-दहा काढा.

‘पोस्टमॉर्टेम नको’ म्हणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रात्रीच्या लाईटला उसाला पाणी पाजायला गेलेला माणूस सर्पदंशाने किंवा मोटारीचा शॉक लागून जातो. घरचे म्हणतात, आता त्याची चिरफाड कशाला? नातेवाईक दुजोरा देतात आणि पंचनाम्याशिवायच अंत्यविधी होतो. नंतर कुणीतरी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेबद्दल सांगतं. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, पण अपघात झाला हे दाखवणारा कागदच नसतो. साप, शॉक, वीज, विहिरीत पडणं, काहीही असो, पोलिसांत वर्दी द्या, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. त्या क्षणी हे सांगणारा माणूस कठोर वाटतो, तरी सांगावं.

याच योजनेत आणखी एक गैरसमज आहे. सातबारा वडिलांच्या नावावर आहे, गेला मुलगा, म्हणून अर्जच केला जात नाही. खातेदाराशिवाय कुटुंबातल्या एका सदस्यालाही लाभ आहे, वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा. व्हिसेराच्या (शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या तपासणीच्या) अहवालासाठी थांबू नका, अर्ज मुदतीत देऊन ठेवा. हृदयविकारासारखा नैसर्गिक मृत्यू आणि आत्महत्या मात्र यात बसत नाही.

पासबुक न चाळणं

गेलेल्या माणसाची सगळी पासबुकं भरून आणा आणि मे महिन्याच्या अखेरीच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विमा, २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. अपघातात दोन्ही मिळू शकतात. दोन बँकांतून हप्ता गेला असला तरी एका योजनेचा लाभ एकदाच. दावा खातं असलेल्या शाखेतच दाखल करायचा आणि तोही शक्यतो ३० दिवसांत. अनेक घरांत हे २० रुपये कसले, हे विचारायचंच राहून जातं.

आणि गेलेल्या माणसाचं एटीएम वापरून पैसे काढू नका. वारसांत वाद झाला तर तेच अंगाशी येतं. पेन्शनदाराच्या खात्यात मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन तर परतच करावी लागते.

पीएफ काढला म्हणजे झालं, असं समजणं

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतल्या कामगारांची घरं इथे हमखास फसतात. कंपनी पीएफचा फॉर्म भरून देते, घरचे समाधान मानतात. हक्क तीन आहेत: पीएफची रक्कम (फॉर्म २०), कुटुंब पेन्शन (१०डी) आणि विमा (५आयएफ). विमा जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापलेलं नसतं, म्हणून तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पत्नीला पेन्शन, शिवाय एका वेळी दोन मुलांना वयाच्या पंचविशीपर्यंत वेगळी पेन्शन.

गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी यांच्या घरच्यांनी बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड शोधावं. नोंदणी चालू असेल तर नैसर्गिक मृत्यूला २ लाख, कामावरच्या अपघाताला ५ लाख. नूतनीकरण राहिलं असेल तर दावा अडतो.

तहसीलमध्ये एकच अर्ज करून येणं

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता पुरुष किंवा कर्ती बाई गेली तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, ते वेगळे. दोन्हींचे अर्ज एकाच शाखेत घेतात, पण ते स्वतंत्र असतात. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा नवऱ्याबरोबरचं जुनं जोडखातं देण्याऐवजी तिच्या एकटीच्या नावाचं खातं आधी उघडा.

वारसांच्या यादीतून बहीण गाळणं

तलाठ्याकडे वारस नोंद तीन महिन्यांत द्यायची. बहिणीला काही नकोच आहे, म्हणून तिचं नाव न घालणारे भाऊ प्रत्येक गावात आहेत. नाव घालावंच लागतं. तिला हक्क सोडायचा असेल तर त्याचं हक्कसोडपत्र नंतर वेगळं नोंदवता येतं. खोट्या वारसयादीवर उभा राहिलेला दावा मात्र एका हरकतीत थांबतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही घरात आधीच बोलून घ्या.

एजंटला मूळ कागद देऊ नका. अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. दावा फेटाळला तर तोंडी उत्तर ऐकून घरी येऊ नका, कारण लेखी मागा. विम्याचा असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षभरात जाता येतं. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.