वाळवंटातल्या नदीवर पॅडलिंगला जाताय? या चुका टाळा

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला चार रविवार पॅडल मारलं की आपल्या नाशिकच्या पोरांना थेट अमेरिकेतल्या युटाची ग्रीन रिव्हर खुणावायला लागते. जा, जरूर जा, तिच्या लॅबिरिंथ कॅन्यन या दरीच्या लाल कड्यांमधून वाहत जाण्यासारखं सुख नाही. पण माझ्याकडे प्लॅन बघायला येतात त्यात दरवेळी त्याच चुका, म्हणून एकदाच लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. "नदीतच तर आहोत, फिल्टर घेतलाय ना!" अरे, ते पाणी बारीक गाळाने भरलेलं असतं. आमच्यासोबतच्या एकाने भारीतला पंपवाला फिल्टर आणला होता, पहिल्याच संध्याकाळी नळी सरळ नदीत सोडली, दोन बाटल्या भरतायत तोवर पंप दाबलाच जाईना, उघडून बघितलं तर कार्ट्रिजवर चिखलाचा जाड थर. मी घरून तुरटीचा खडा नेला होता. रात्री बादलीत पाणी घेऊन तुरटी फिरवली आणि झाकून ठेवलं, सकाळी तळाला गाळ, वर नितळ पाणी, ते अलगद ओतून घेतलं आणि दुसऱ्या फिल्टरमधून काढलं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, त्यामुळे नंतर गाळणं किंवा उकळणं आलंच. तरी मी माणशी रोज ४ लिटर धरून पाणी निघायच्या ग्रीन रिव्हर गावातूनच भरून नेतो. कॅन जड होतात, म्हणून छोट्या कयाकपेक्षा कॅनू, म्हणजे वरून उघडी लांब होडी, बरी.

दुसरी चूक, कोरड्या नाल्याच्या तोंडाशी तंबू. वाळू सपाट असते, फोटो छान येतो. पण नाशिककराला हे सांगायला लागावं? पाऊस त्र्यंबकला पडतो, गंगापूरमधून पाणी सोडतात आणि गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडतो तेव्हा गावात कधीकधी ऊन असतं. तिथे तर भोंगाही वाजत नाही. जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस, लांब कुठेतरी ढग फुटतो आणि कोरडा नाला पाणी, दगड, ओंडके घेऊन येतो. मी उंचावरची जागा बघतो, सामान चढवायला कितीही त्रास होवो. आणि होडी रात्री पाण्यातून पूर्ण बाहेर काढून बांधायचीच.

अंतराचा हिशोब कॅल्क्युलेटरवर करू नका. ग्रीन रिव्हर गावापासून मिनरल बॉटम, म्हणजे होडी बाहेर काढायची जागा, साधारण ११० किमी, तीन दिवसांत उरकू म्हणणारे दुपारचा समोरून येणारा वारा विसरतात. उजाडताच निघा, दुपारी थांबा. घाई असेल तर खाली रुबी रँचवरून सुरू करा, अंतर ७२ किमीवर येतं. जूनमध्ये बर्फाचं पाणी आलं की कॅम्पच्या वाळूपट्ट्या बुडतात, डासही असतात. तिथला उन्हाळा सरताना (ऑगस्ट-सप्टेंबर) पाणी उतरलं की होडी वाळूत रुतते.

परमिट आधी काढा. पोर्टेबल टॉयलेट, फायर पॅन (शेकोटी पेटवायचं धातूचं ताट), लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, आणि घाण परत घेऊन यायची, पुरायची नाही. मोबाइलला रेंज नाही.

मिनरल बॉटमच्या पुढे अजून ८४ किमी गेलात तर कोलोरॅडोच्या संगमावर पोचाल, तिथे रस्ताच नाही, परतायला जेट बोट आधी बुक केलेली हवी. त्याच्या खाली कॅटरॅक्ट कॅन्यनचे धबाबा रॅपिड्स, म्हणजे खडकांवरून उसळणारं वेगवान पाणी, आहेत, तो नवशिक्यांचा प्रांत नाही, कितीही रील्स बघितले असले तरी.

मिनरल बॉटमला उतरणारा कच्चा घाटरस्ता पावसात बंद पडतो, न्यायला येणारी गाडी अडकते, म्हणून एका दिवसाचं जेवण-पाणी जास्तीचं ठेवा आणि मुंबईचं विमान लगेच दुसऱ्या दिवशीचं काढू नका.