जर्मन-जपानी शिकायचंय? मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी थोडं रोखठोक

परकीय भाषा शिकतोय म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "पुढं काय?" माझ्या मामांनी तर विचारलं होतं, जर्मन आलं की तलाठ्याची परीक्षा सोपी जाते का! चेष्टेचा भाग सोडा, प्रश्न रास्त आहे. मी संभाजीनगरात बी.कॉम. करता करता विद्यापीठात जर्मन शिकलो आणि आता पुण्यात एका कंपनीत जर्मन पुरवठादारांची बिलं बघतो.

नुसत्या भाषेवर नोकऱ्या थोड्या आहेत: शिकवणं, दुभाष्याचं काम, भाषांतर. त्यातही साधं भाषांतर आता मशीन करतं, माणसाला ते तपासायला बसवतात. खरी मागणी भाषा अधिक दुसरं काहीतरी येणाऱ्याला. माझंच बघा. जर्मन बिलावर १.२५०,०० असं लिहिलेलं असतं, म्हणजे साडेबाराशे युरो. तिकडं हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. खाली बारीक अक्षरात 'स्कोंटो' असतं, म्हणजे ठरलेल्या दिवसांच्या आत पैसे दिले तर दोन-तीन टक्के सूट. भाषा येते पण उधारी-वसुली कळत नाही, अशा माणसाला ही ओळ वाचता येते, तिचं करायचं काय ते उमगत नाही. म्हणून बी.कॉम., डिप्लोमा, नर्सिंग, जे चालू आहे ते सोडू नका. भाषा त्याच्या जोडीला घ्या.

विद्यापीठात सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग अॅडव्हान्स डिप्लोमा अशी चढण असते. फी खासगी क्लासच्या मानानं बरीच कमी. पण कंपन्या विचारतात ती पातळी: युरोपीय भाषांना ए१ (अगदी सुरुवात) ते सी२ (सगळ्यात वरची), जपानीला एन५ (सुरुवात) ते एन१ (सगळ्यात वरची). ए२ वर थांबलेली मुलं ढिगानं सापडतात आणि बायोडेटात त्याला फारशी किंमत नाही. बी२ झालं की फोन यायला लागतात. कॉलेज सांभाळून तिथवर जायला दोन वर्षं तरी धरा. जर्मनीत नर्स म्हणून मान्यतेलाही साधारण बी२ लागतं. जपानच्या २०१९ पासूनच्या कुशल कामगार व्हिसाला एन४ चालतं, मात्र त्या त्या कामाची परीक्षा वेगळी द्यावी लागते. "तीन महिन्यांत भाषा, सहाव्या महिन्यात व्हिसा" असं सांगून आधी पैसे मागणाऱ्यांना लांबूनच रामराम करा.

मराठी माध्यमाचा न्यूनगंड मात्र काढून टाका. इंग्रजीतून शिकलेल्यांना जर्मनची तीन लिंगं डोकं खातात. आपण तो, ती, ते बोलतच मोठे झालो. जर्मन आकडेही एकवीस-बावीससारखे एककापासून सुरू होतात, त्यामुळे फोनवर खातेक्रमांक लिहून घेताना पुण्याच्या इंग्रजी शाळेतले सहकारी अडखळतात आणि आमचा पेन चालू असतो. जपानीत क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागं, म्हणजे वाक्याची चाल आपलीच. कान्जी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, मात्र रोज गिरवावी लागते, तिथं पळवाट नाही.

बोलायचा सराव ही आपल्याकडची खरी अडचण. वर्ग सुटला की कोण बोलणार? वेरूळ-अजिंठ्याला परदेशी पाहुणे येतात, पण मोसमात. गाईडचा परवाना काढायचा असेल तरच तो धंदा धरा. वाळूज-शेंद्र्यात युरोपीय कंपन्या आहेत, तिथं रोजचा कारभार बहुतेक इंग्रजी-मराठीतच चालतो. म्हणून दोघं-तिघं मिळून रोज अर्धा तास त्या भाषेतच भांडा, अगदी चहाच्या बिलावरून.

पातळीच्या परीक्षेला पुणं गाठावं लागतं. जपानीची जेएलपीटी, म्हणजे एन५ ते एन१ ठरवणारी परीक्षा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, अर्ज काही महिने आधीच भरायचे. तिच्यात तोंडी परीक्षा नाही, त्यामुळे एन३ पास होऊनही मुलाखतीत गप्प बसणारे भेटतात. नांदेड-लातूरकरांना पूर्णवेळ भाषेतच पदवी करायची असेल, तर पुण्यापेक्षा हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आधी बघा. नांदेडहून ते जवळ पडतं, आणि फॉर्मच्या तारखा बारावीची परीक्षा संपायच्या आधीच बघून ठेवा.