अझोला सुकवू नका, गवत्या माशाला ताजाच घाला

पोळा होऊन गेला, पाऊस ओसरतोय आणि शेततळी काठोकाठ भरली आहेत. पावसाळ्यात सोडलेली माशांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आता वाढीला लागते. थंडीत पाणी गार झालं की माशांची भूक मंदावते, तेव्हा दिवाळीपर्यंतचे हे आठवडे फार मोलाचे. ढेपीचा खर्च झेपत नसेल तर अझोल्याचे, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक नेच्याचे, वाफे आत्ताच लावा.

झाडाच्या विरळ सावलीत दोन मीटर लांब-रुंद, वीतभर खोल वाफा करून ताडपत्री अंथरा. त्यावर 10-15 किलो चाळलेली माती पसरा. दोन किलो शेण आणि 30 ग्रॅम सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून ओता, चार बोटं पाणी ठेवा आणि अर्धा ते एक किलो अझोला सोडा. दहा-पंधरा दिवसांत वाफा हिरवागार भरतो. मग रोज अर्धा किलो निघतो. दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि 20 ग्रॅम सुपर फॉस्फेट घालत राहा. नत्र अझोला हवेतूनच मिळवतो, कारण त्याच्या पानात राहणारं नीलहरित शेवाळ ते काम करतं; स्फुरद (फॉस्फरस) मात्र आपणच द्यायचं. ते कमी पडलं की पानं लालसर होतात. कडक ऊन किंवा थंडी लागली तरी तसंच होतं, म्हणून आधी सावली बघा.

सुकवलेल्या अझोल्यात 20-25 टक्के प्रथिनं असतात, हे ऐकून बरेच जण तो वाळवायला घेतात. पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दहा किलो उपसला तर हातात अर्धा-पाऊण किलो भुकटी येते. एवढी मेहनत लहान शेतकऱ्याने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गवत्या मासा (ग्रास कार्प) तो ताजाच आवडीने खातो, आणि त्याच्या विष्ठेने तळ्यात प्लवंग, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, वाढतात, ते कटला माशाच्या कामी येतात. शंभर ग्रॅमचे पन्नास गवत्ये दिवसाला दोन-अडीच किलो हिरवा चारा सहज संपवतात, म्हणजे चार-पाच वाफे हवेत. कमी पडलं तर नेपियर किंवा केळीची कोवळी पानं बारीक कापून घाला. रोहू-कटल्याचा धानाचा कोंडा आणि ढेप मात्र बंद करू नका.

अझोला चाळणीत धुवा, शेणाचा वास गेला पाहिजे. तळ्यात बांबूची तरंगती चौकट बांधून तिच्यातच टाका. संध्याकाळी चौकटीत उरलेलं दिसलं तर दुसऱ्या दिवशी कमी घाला. मोकळा सोडला तर तो सगळं पाणी झाकतो, तळ्यातला प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडू लागतात.

फवारणी झालेल्या धानाच्या बांधीतला अझोला आणू नका. नाल्यातली जलपर्णीही नको, ती सांडपाण्यातले जड धातू शोषून घेते. आणि कळकळीची विनंती: गवत्या शेततळ्यातच ठेवा. मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडला तर ज्या पाणवनस्पतींत आपले गावरान मासे अंडी घालतात, त्याच तो खाऊन टाकेल.