पावसात कागदी नकाशा टिकवायचा तर आधी घड्या आणि कडा बघा

नकाशात पाणी शिरतं ते कडांतून आणि घड्यांच्या चौकातून, जिथे कागद आधीच झिजून त्याची लव निघालेली असते. हे लक्षात घेतलं की ऐकीव उपाय आपोआप गळतात. वरून मेणबत्ती घासून घडीतली चीर बुजत नाही आणि हेअरस्प्रे पाण्यानेच निघून जातो. गरम लॅमिनेशन घडी न घालता न्यायच्या एका पानाला ठीक. पण लॅमिनेट केलेल्या नकाशाची घडी घातलीत की तिथे पांढरी रेघ उठते, मग चीर पडते आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायचं नाव घेत नाही.

नकाशा स्वतः छापणार असाल तर लेझर प्रिंटरवर छापा. टोनर, म्हणजे लेझरची पूड-शाई, पाण्यात विरघळत नाही, इंकजेटची साधी शाई मात्र थेंबागणिक पसरते. छापताना 'फिट टू पेज' (पानाच्या मापात बसवणं) बंद ठेवा, नाहीतर नकाशाचं प्रमाण बिघडतं.

आता मुख्य काम, दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकट फिल्म लावायचं. मला सर्वात जास्त छळलं ते यानेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुर्मीळ नकाशावर हा प्रयोग करू नका, प्रत वापरा.

आधी नकाशा एक-दोन दिवस कोरड्या खोलीत जड पुस्तकांखाली सपाट ठेवा. दमट कागदावर फिल्म लावली तर ओल आत कोंडते आणि नकाशाला लाटा येतात. मग घड्यांनी पडलेल्या प्रत्येक चौकोनाच्या मागे पेन्सिलीने बारीक क्रमांक घाला आणि नवं पातं, स्टीलची पट्टी घेऊन घड्यांवरून नकाशा सरळ कापा. होय, कापाच. कापडावर चढवलेले जुने नकाशे असेच तुकडे करून, मध्ये फट सोडून बनवत. घडी कागदावर न येता कापडावर येई. आपल्याकडे कापडाऐवजी फिल्म आहे, एवढंच.

टेबलावर एक मोठा कागद पसरून त्यावर तुकड्यांच्या जागा आखा, दोन तुकड्यांत २ मिलिमीटर फट ठेवून. त्यावर फिल्म चिकट बाजू वर करून चारही कोपऱ्यांना टेपने ताणून बसवा. खालच्या रेषा आरपार दिसतील. तुकडे छापील बाजू खाली करून ठेवायचे. इथेच घोळ होतो: नकाशा पालथा पडतो, म्हणून डावीकडचा तुकडा उजवीकडे जातो. मागे घातलेले क्रमांक त्यासाठीच. तुकडा दोन्ही हातांत किंचित वाकवून धरा, एक कड रेषेला टेकवा आणि बाकीचा हळूहळू उलगडत खाली सोडा. टेकला की उचलायचा नाही. तिरका बसला तर तिरका राहू द्या; उपटायला गेलात तर उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा फिल्मवर राहतील आणि हातात पांढरा कागद येईल.

दुसरी फिल्म मागच्या बाजूने लावताना फिल्मच्या पाठीचा कागद एकदम सोलू नका. पाचेक सेंटिमीटर सोला, ती पट्टी बसवा, मग एका हाताने कागद ओढत दुसऱ्या हाताने घडी केलेल्या फडक्याने दाबत पुढे सरका. बुडबुडे जवळच्या फटीकडे रेटा. टाचणीने फोडा असं हमखास सांगितलं जातं. म्हणजे एवढा खटाटोप करून पाण्याला भोक द्यायचं! छोटा बुडबुडा राहिला तर राहिला. शेवटी प्रत्येक फट नखाने दाबून फिल्मला फिल्म चिकटवा आणि बाहेरची कड कापताना कागदाच्या पुढे निदान ५ मिलिमीटर फिल्म सोडा. कागदालगत कापलीत तर सगळं मुसळ केरात.

फटींमुळे अंतर वाढतं, हे मोजताना ध्यानात ठेवा. १:५०,००० च्या नकाशावर २ मिलिमीटर म्हणजे १०० मीटर, १:२५,००० वर ५० मीटर. जितक्या फटी ओलांडाल तितक्या वजा करा. खुणा करायला पर्मनंट मार्कर, पुसायला थोडं स्पिरिट.

एवढा व्याप नको असेल तर पारदर्शक पाऊच आहेच, पण मऊ पीव्हीसीचा घेऊ नका. त्याला टोनर चिकटून निघतो आणि थंडीत तो कडक होऊन तडकतो. टीपीयू या रबरासारख्या प्लास्टिकचा लवचिक राहतो. त्या दिवसाचा भाग निघण्याआधीच बाहेर येईल अशी घडी घाला. पावसात ओल्या हातांनी पाऊच उघडलात की पाणी तुम्हीच आत सोडलंत.

आणि साधा नकाशा भिजलाच, तर तिथल्या तिथे उलगडू नका, ओला कागद घडीवरच फाटतो. तसाच टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा, अर्धवट सुकल्यावर एकेक घडी सोडवा आणि टीपकागदांत घालून वजनाखाली ठेवा. टीपकागद ओले झाले की बदला. स्टोव्हपासून लांबच ठेवा; आचेवर कागद आक्रसतो आणि वेडावाकडा होतो.